नेपाळची मिशन ट्रिप करून आलो, रविवारी साक्ष द्यायचीय… काय सांगू?

कॅम्पचा_पोरगा

सगळ्यांना प्रभूमध्ये सलाम. मी बेळगावचा, वय २७, अकाउंट्सचं काम करतो. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघातनं आम्ही ११ जण दसऱ्याच्या सुट्टीत १० दिवस नेपाळला मिशनला जाऊन आलो. गोवा एक्सप्रेसनं झाशी, तिथनं गोरखपूर, मग बसनं सोनौली, बॉर्डर चालतच ओलांडली, पुढं बुटवल आणि तिथनं वर डोंगरात पाल्पा जिल्ह्यातलं एक गाव. गावाचं नाव इथं लिहीत नाही.

येत्या रविवारी उपासनेत मला साक्ष द्यायची आहे, म्हणजे तिथला अनुभव सगळ्यांसमोर सांगायचाय. पाळकसाहेब म्हणाले १० मिनिटं बोल, फोटो पण दाखवू पडद्यावर. मंडळीनं पैसे दिलेत, माणशी साधारण १८ हजार खर्च आला, म्हणजे सगळे मिळून २ लाखाच्या जवळ. महिला मंडळानं चकल्या करून विकून पैसे उभे केले. त्यामुळं लोकांना ऐकायचंय की तिथं काय काय झालं, किती मुलं आली, किती ब्लँकेटं वाटली. ते सगळं झालंय, खोटं नाही. ६० एक मुलं आली व्हीबीएसला, म्हणजे सुट्टीतल्या बायबल शाळेला, ब्लँकेटं वाटली, चर्चच्या भिंती रंगवल्या. खरं माझ्या मनात तेच्यातलं काहीच राहिलं नाही. जे राहिलंय ते स्टेजवरनं कसं सांगायचं हे कळेना म्हणून इथं लिहितोय.

पहिली गोष्ट पाण्याची. आम्ही ज्या घरात राहिलो तिथं एक म्हातारी आमा (नेपाळीत आई) होती आणि तिची सून. मुलगा कतारला. आम्हाला वाटलं पाणी आहे, सकाळी उठलं की दोन ड्रम भरलेले असायचे, आम्ही ११ जण मस्त आंघोळ करायचो, कपडे धुवायचो. चौथ्या दिवशी मला पहाटे साडेचारला जाग आली, बाहेर गेलो तर ती आमा कपाळावरनं पट्टा घेऊन पाठीवर गागर बांधून चढ चढून येतेय. त्या पट्ट्याला नाम्लो म्हणतात. खालचा झरा अर्धा तास लांब. आम्ही यायच्या आधी त्यांना दोन खेपा लागायच्या, आम्ही आल्यापासनं आठ. मी गागर घ्यायला गेलो तर तिनं हसून मला बाजूला केलं. मी त्या दिवशी आंघोळ केली नाही आणि बाकीच्यांना सांगितलं, तर त्यांनी पण कमी केलं, खरं तीन दिवस आम्ही धबाधबा ओतलेलं तर गेलंच ना.

दुसरी गोष्ट दसऱ्याची. आमच्या शाळांना दसऱ्याची सुट्टी म्हणून आम्ही तेव्हा गेलो. कुणाच्या डोक्यातच आलं नाही की नेपाळात तेव्हा दशैं असतो, त्यांचा सगळ्यात मोठा सण, गल्फ-मलेशियातनं माणसं घरी येतात, आणि दशमीला घरातली मोठी माणसं लहानांच्या कपाळाला टिका लावून आशीर्वाद देतात. तिथल्या ख्रिस्ती लोकांसाठी तेच दिवस सगळ्यात जड. टिका घेतला तर मंडळीत प्रश्न, नाही घेतला तर बाप दुखावतो. तिथल्या तरुण संघाचा एक पोरगा आमच्याबरोबर रोज भिंतीला रंग मारत होता, हसत खेळत. शेवटच्या दिवशी कळलं की त्याचा बाप दोन वर्षांनी दुबईहून आलाय आणि पलीकडच्या वाडीत त्याची वाट बघतोय, आणि हा आमच्यामुळं गेला नाही, कारण पाहुणे आलेत. ते ऐकलं आणि माझा घास खाली उतरेना झाला.

तिसरी गोष्ट भाषेची, हीच सगळ्यात जास्त टोचते. आम्ही सगळं हिंदीत केलं. गाणी हिंदीत, वचन हिंदीत, प्रार्थना हिंदीत. तरुण लोकांना कळतं. त्या आमाला हिंदी येत नाही, नेपाळी पण बेताचीच, ती घरात मगर या तिथल्या जमातीची भाषा बोलते. मी तिच्यासमोर बसून हिंदीत मोठ्यानं आणि सावकाश बोलत होतो, जसं काय सावकाश बोललं की कळतं. आपण बेळगावची माणसं. काउंटरवर उभं राहून आपली भाषा समोरच्याला चालत नाही तेव्हा पोटात काय होतं हे माझ्या आजीला विचारा, माझ्या वडलांना विचारा. आणि मी तिकडं जाऊन नेमकं तेच केलं, वरनं देवाच्या नावानं.

तर प्रश्न असा की रविवारी हे सांगावं काय? ज्या बायकांनी चकल्या तळल्या त्यांना वाईट वाटेल काय? आणि पुढच्या वर्षी परत जायचं म्हणतायत, जावं की पैसे पाठवावेत?

चिकोडी_युथ

भावा वाचलं सगळं. तुझं मन चांगलं हाय म्हणून तुला हे दिसलं, खरं तू जरा जास्तच मनाला लावून घेतोयस असं मला वाटतंय. मी तीन ट्रिप केल्यात, दोन ओडिशात आणि एक श्रीलंकेत. आमच्यातली पोरं कधी निपाणीच्या पलीकडं गेली नव्हती. तिकडं जाऊन आल्यावर त्यातली दोघं सेमिनरीला, म्हणजे पाळक व्हायच्या शिक्षणाला गेली, एक पोरगी नर्सिंगला गेली. हे ट्रिप न करता झालं असतं काय? मला नाही वाटत.

आणि पैशाचं म्हणशील तर मंडळीला सांगून बघ की अमक्या गावातल्या संडे स्कूलच्या शिक्षकाला महिन्याला ५ हजार पाठवायचेत, कोण चकल्या तळणार नाही. आपली पोरं निघालीत म्हटलं की लोक देतात. माणसाच्या तोंडाकडं बघून दान येतं, हे खरं हाय, मी खजिनदार होतो चार वर्षं. त्यामुळं २ लाख तसेच्या तसे पाठवले असते हे गणित कागदावरचं.

सणाच्या टायमाला गेलासा ते मात्र चुकलंच. पुढच्या वेळी आधी फोन करून विचारा, एवढंच. सगळी ट्रिपच चूक असं म्हणू नको, तुझ्याबरोबरच्या १० जणांचं मन मोडेल.

मिरजेची_सिस्टर

बाळा, मी निपाणीची, आता रिटायर आहे, नर्सिंग मिरजेला केलं. तुझं वाचून मला १९८० च्या सुमाराची एक गोष्ट आठवली. आमच्या वस्तीत परदेशातनं एक ग्रुप आला होता, कुठल्या संस्थेचा ते आता महत्त्वाचं नाही. गाणी म्हटली, आम्हा मुलींना फ्रॉक दिले, रांगेत उभं करून फोटो काढले, संध्याकाळी गाडीत बसून गेले. मला मिळालेला फ्रॉक निळा होता, मला फार आवडायचा, ते मी नाकारणार नाही. पण त्यातल्या कुणीही मला माझं नाव विचारलं नाही. चाळीस वर्षांनी मला फ्रॉकपेक्षा ते जास्त आठवतं. मला नाव होतं आणि ते कुणाला नको होतं.

आता दुसरी बाजू. ज्या दवाखान्यात मी शिकले तो उभा करणारे डॉ. वॉनलेस १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले आणि १९२८ मध्ये परत गेले. जवळजवळ ४० वर्षं. मिरजेचं हॉस्पिटल १८९४ चं. ते पण परदेशीच होते, मिशनचेच होते. फरक एवढाच की ते राहिले. राहिलं की पाणी कुठनं येतं ते पहिल्याच आठवड्यात कळतं, सण कधी आहे ते कळतं, भाषा नाही आली तर पेशंटचं कुठं दुखतंय तेच कळत नाही म्हणून भाषा शिकावीच लागते. दहा दिवसांत हे होत नाही, त्यात तुझा दोष नाही, दहा दिवस तेवढेच असतात. पण दहा दिवसांत नाव विचारता येतं. तू त्या आमाचं नाव विचारलंस काय? इथं लिहू नको, मला फक्त हो की नाही सांग.

साक्ष देताना पाण्याची गोष्ट जरूर सांग. चकल्या तळणाऱ्या बायकांना वाईट वाटणार नाही. त्यांच्यातल्या निम्म्या जणींनी लहानपणी विहिरीवरनं पाणी आणलेलं आहे. त्यांच्याइतकं हे कुणालाच कळणार नाही.

कॅम्पचा_पोरगा

सिस्टर, नाही विचारलं. सगळे आमा म्हणायचे, मी पण आमाच म्हणालो. तुमचं वाचून फोन ठेवून थोडा वेळ नुसताच बसलो.

खानापूर_मास्तर

इथं थोडा इतिहास सांगायला पाहिजे, कारण तुम्ही ज्या देशात गेला होता तिथल्या मंडळीचा इतिहास आपल्यापेक्षा फार वेगळा आहे आणि तो माहीत असता तर तुमची ट्रिप वेगळी झाली असती असं मला मनापासून वाटतं.

आपल्या बेळगावात लंडन मिशनचं काम १८२० ला सुरू झालं, १९०४ ला ते मेथडिस्टांकडं गेलं. म्हणजे बाहेरचे लोक आले, शाळा काढल्या, चर्चं बांधली, आणि आपल्याला सवय लागली की मिशन म्हणजे बाहेरनं येणारी गोष्ट. नेपाळात उलटं. तिथनं कापुचिन नावाच्या कॅथलिक संघाचे पाद्री १७६९ ला बाहेर गेले आणि त्यानंतर १९५०-५१ पर्यंत, राणा घराण्याची सत्ता जाईपर्यंत, तो देश मिशनऱ्यांना बंदच होता. नेपाळी बायबल झालं ते नेपाळात नाही, दार्जिलिंगला. गंगाप्रसाद प्रधान यांनी त्यात आयुष्य घातलं आणि १९१४ ला पूर्ण बायबल छापून झालं. १९५४ ला युनायटेड मिशन टू नेपाळ सुरू झालं, तुमच्या पाल्पातल्या तानसेनचं मिशन हॉस्पिटल त्यांचंच, पण सरकारशी करार असा होता की परदेशी लोकांनी दवाखाना, शाळा चालवायची, धर्मप्रचार करायचा नाही. मग मंडळी कुणी वाढवली? नेपाळी लोकांनीच, बरेचसे दार्जिलिंगकडनं परत आलेले. १९६० च्या सुमारास त्याच तानसेनमध्ये बाप्तिस्म्यावरनं पाळक आणि नवे विश्वासू तुरुंगात गेले. २०२१ च्या जनगणनेत तिथं ख्रिस्ती १.७६ टक्के आहेत. एवढं सगळं त्यांनी बाहेरचा माणूस समोर नसताना केलं. अशा मंडळीत जाऊन भिंत रंगवून देणं म्हणजे ज्यानं स्वतःच्या हातानं घर बांधलंय त्याच्या घरी जाऊन दाराला कडी कशी लावायची ते शिकवण्यासारखं होतं हो.

तुम्ही शनिवारच्या उपासनेला होता ना? तिथं आठवड्याची सुट्टी शनिवारी म्हणून उपासना शनिवारी. आणि ते पण मंडलीच म्हणतात, आपण मंडळी म्हणतो तेच. लिपी पण आपलीच. त्यांचं बायबल उघडून तुम्ही अक्षर न् अक्षर वाचू शकता, अर्थ निम्मा तरी लागतो. हिंदीच्या ऐवजी नेपाळीतला एक उतारा अडखळत वाचून दाखवला असता तर बहार आली असती.

आता महत्त्वाचं, फोटो. नेपाळच्या संविधानात, २०१५ च्या, कलम २६ मध्ये दुसऱ्याचं धर्मांतर करण्याला बंदी आहे, आणि २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यात त्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे. परदेशी असेल तर शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढतात. तुम्ही बेळगावला येऊन पोहोचलात, तुमच्या फोटोतला माणूस तिथंच आहे. कायदा चांगला की वाईट हा वेगळा वाद, आपल्याकडं पण २०२१ च्या डिसेंबरात इथं बेळगावच्या सुवर्णसौध विधानभवनातच तसलं विधेयक कर्नाटक विधानसभेनं पास केलं तेव्हा आपल्या लोकांना कशी भीती वाटली ते आठवा. रविवारी पडद्यावर चेहरे दाखवू नका, हात जोडून सांगतो. कोण तरी ते मोबाईलवर काढणार आणि टाकणार.

आणि एकच गोष्ट. १९१० ला एडिंबराला मोठी मिशनरी परिषद भरली होती, तिथं व्ही. एस. अझारया नावाचा ३५ वर्षांचा तमिळ माणूस उभा राहून सगळ्या गोऱ्या लोकांसमोर बोलला. तुम्ही आम्हाला धन दिलंत, जीव दिलात, आम्ही प्रेम पण मागतो, आम्हाला मित्र द्या, असा त्याचा अर्थ. हे आपल्यातल्या माणसानं मागितलंय. आता आपण दुसऱ्याकडं जातोय तर आपल्याला तेच मागणं ऐकू यायला पाहिजे.

कॅम्पचा_पोरगा

मास्तर, फोटोचं वाचून अंगावर काटा आला. तिथल्या पाळकांनी निघताना हळूच सांगितलं होतं, फेसबुकवर नका टाकू म्हणून. मला वाटलं ते नम्रपणे म्हणतायत. मी स्टेटसला ४० फोटो ठेवले होते. आत्ता सगळे काढले, ग्रुपमधल्या सगळ्यांना पण काढायला लावले. दोघांनी इन्स्टावर टाकलेले, त्यांना फोन करून काढायला लावले.

वडगाववाला

नमस्कार. मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे, मित्रानं ही लिंक पाठवली म्हणून वाचलं. दोन गोष्टी बोलू काय, राग मानू नका.

एक म्हणजे स्पष्टच विचारतो, तुम्ही तिथं लोकांचा धर्म बदलायला गेलता काय? कारण बाहेर लोक हेच बोलतात.

दुसरं पाण्याबद्दल. आमच्या घरातनं आजोबांपासनं वारी आहे. दिंडी जाताना वाटेवरच्या गावातल्या बायका पहाटे उठून शेकड्यानं भाकऱ्या थापतात, पाणी भरून ठेवतात. कुणी त्यांना नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं, कारण त्यांच्या दृष्टीनं ती सेवा आहे, वारकरी दारात आला हेच त्यांचं भाग्य. त्या म्हाताऱ्या बाईला तुम्ही त्रास दिला असं तुम्ही धरून चाललाय. तिला काय वाटलं ते तुम्ही विचारलं काय? तिनं हसून तुम्हाला बाजूला केलं म्हणता. ते हसणं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे काय? तुमचं वाईट वाटणं खरंच आहे, फक्त त्यात सुद्धा तुम्ही तिच्या वतीनं तुम्हीच बोलताय असं मला वाटलं.

कॅम्पचा_पोरगा

दादा, राग कसला, उलट बरं झालं तुम्ही लिहिलं. पहिल्याचं उत्तर खरं खरं देतो. आम्ही जिथं गेलो तिथं मंडळी आधीपासनंच आहे, आम्ही त्यांच्याकडं गेलतो, त्यांच्या मुलांसाठी कार्यक्रम केला. कुणाला धर्म बदल म्हणून सांगितलं नाही. खरं हे पण सांगतो की माझा माझ्या प्रभूवर विश्वास आहे आणि तो मी लपवत नाही, कुणी विचारलं तर सांगतो. ब्लँकेट घ्यायला ख्रिस्ती नसलेली माणसं पण आली होती, आणि ब्लँकेट देण्याआधी आम्ही प्रार्थना केली. तेव्हा चांगलं वाटलं. आता वाटतं की थंडी वाजणाऱ्या माणसाला ब्लँकेट द्यायच्या आधी थांबवायला नको होतं. आधी ब्लँकेट द्यायचं, प्रार्थना ज्याला पाहिजे त्याच्यासाठी नंतर.

दुसऱ्याचं उत्तर नाही माझ्याकडं. विचारतो.

मिरजेची_सिस्टर

वडगाववाल्या भाऊंनी बरोबर बोट ठेवलं. आणि पोरा, विचारताना तिच्या भाषेत विचारायची सोय कर. बेळगावात हॉटेलांत, मोमोच्या गाड्यांवर किती नेपाळी पोरं आहेत. त्यांच्यातलं कोण मगर आहे काय बघ.

चिकोडी_युथ

हे मात्र मला पण पटलं. नेपाळला ११ जण जाऊन आलात खरं इथल्या नेपाळी पोरांना नाताळला कुणी घरी जेवायला बोलावलंय काय? मी नाही बोलावलं कधी. वॉचमन म्हणूनच बघितलं. यंदा बोलावतो.

कॅम्पचा_पोरगा

अपडेट देतो. काल रविवार झाला.

फोटो दाखवले नाहीत, डोंगराचे आणि नुसत्या भिंतीचे तेवढे तीन दाखवले. पाळकसाहेबांना आधीच घरी जाऊन सगळं सांगितलं होतं, ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, सांग, जे बघितलंस ते सांग. मी पाण्याची गोष्ट सांगितली, दशैंची सांगितली, त्या पोराची सांगितली. भाषेची सांगताना आवाज जड झाला म्हणून ती नीट पुरी झाली नाही. काही लोकांना आवडलं नाही, एका काकांनी बाहेर आल्यावर सांगितलं की आम्ही पैसे यासाठी दिले नव्हते, निदान चांगलं काय झालं ते तरी सांगायचंस. त्यांचं पण बरोबर आहे, चांगलं झालेलं मी कमी सांगितलं, मुलं खरंच खूश होती. महिला मंडळातल्या एक आजी मात्र हात धरून म्हणाल्या की पुढच्या वेळी चकल्यांचे पैसे पाण्याच्या टाकीला द्या, पाइपला द्या, आम्ही अजून तळतो.

बेळगावच्या कॅम्प भागातल्या मोमोच्या गाड्यावर एक पोरगा भेटला, तो मगर नाही, थापा आडनावाचे काही लोक मगर असतात काही नसतात असं त्यानं समजावून सांगितलं, पण त्याच्या रूमवर राहणारा एक जण मगर आहे, स्यांजाचा, म्हणजे पाल्पाच्या शेजारचाच जिल्हा. त्याला घेऊन तिथल्या पाळकांना व्हिडिओ कॉल लावला आणि पाळक फोन घेऊन आमाच्या घरी गेले. तो पोरगा तिच्याशी मगर भाषेत बोलायला लागला आणि ती एवढी बोलली, एवढी बोलली, दहा दिवसांत मी तिला तेवढं बोलताना ऐकलं नव्हतं. मी मध्ये नुसता बसून होतो. तिचं नाव विचारलं, तिनं सांगितलं, मी वहीत लिहून ठेवलंय.

पाण्याचं विचारलं. ती म्हणाली पाहुण्याला पाणी देण्यात कसला त्रास, खरं गुडघे दुखले. दोन्ही म्हणाली. वडगाववाले दादा, तुमचं पण बरोबर निघालं आणि माझं पण. मग तिनं विचारलं की तुमच्यातल्या त्या उंच पोराचा खोकला बरा झाला काय. आमच्यातला एक जण शेवटचे दोन दिवस खोकत होता, आमच्या कुणाच्या लक्षात पण नव्हतं.

पाळकांना विचारलं परत यावं काय. ते जरा विचार करून म्हणाले यायचं असेल तर दोघं-तिघं या, असारमध्ये या, रोपणीला (भात लावणीला) माणसं नाहीत, पुरुष सगळे बाहेर. असार म्हणजे जून-जुलै. आमच्यात खानापूरकडचे दोघं आहेत, त्यांना लावणी चांगली येते, खरं त्याच टायमाला त्यांच्या घरची पण लावणी असते, त्यामुळं अजून काही ठरलेलं नाही. मला चिखलात उभं राहायची सवय नाही, शिकावं लागेल. टाकी आणि पाइपचा खर्च किती येईल ते पाळक विचारून कळवणार आहेत, तिथल्याच प्लंबरकडनं.

रूमवरच्या त्या पोरानं मला गुरुवारी संध्याकाळी नेपाळी शिकवायचं कबूल केलंय, मगर भाषेतले थोडे शब्द पण. नाताळला तो आणि त्याच्याबरोबरचे चौघं आमच्या घरी जेवायला येणार आहेत, आईला सांगितलंय. कुणाकडं नेपाळी-मराठी किंवा नेपाळी-हिंदी शिकायचं जुनं पुस्तक असेल तर सांगा, मी येऊन घेऊन जातो, निपाणी, चिकोडी, खानापूर कुठंही.